जुन्या मदरबोर्डाला झेपेल असा प्रोसेसर

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावात मी ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे काम करतो. माझ्या संगणकात एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड) आणि पेंटियम जी६२० हा दोन कोअरचा, म्हणजे गणना करणारे दोन भाग असलेला, प्रोसेसर होता. पीक विम्याच्या दिवसांत ब्राउझरची चार पाने उघडली की तो अडून बसत असे, म्हणून प्रोसेसर बदलायचे ठरवले.

माझ्या बोर्डावरच्या एलजीए ११५५ सॉकेटात, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या जागेत, बसणारा प्रत्येक प्रोसेसर जुन्या बोर्डावर चालतोच असे नाही. २०१२ साली आलेला आय५-३४७० हा प्रोसेसर मनात भरला होता, परंतु माझ्या बोर्डाचे बायोस (संगणक सुरू करणारी बोर्डावरची आज्ञावली) त्याआधीचे असल्याने ते अद्ययावत करावे लागले असते, आणि ते काम अर्धवट असताना वीज गेली तर बोर्डच निकामी होण्याची भीती होती. आमच्याकडे वीज विचारून जात नाही. आय५-२४०० ला ही अडचण नव्हती, मात्र त्याच्या ९५ वॅटची उष्णता टिनाच्या खोलीत मे महिन्यात परवडणारी नव्हती. अखेर नागपूरच्या सीताबर्डीतून वापरलेला आय५-२४००एस आणला. त्यात कोअर चार आहेत, आणि वॅट जुन्याइतकेच, म्हणजे ६५.

प्रोसेसरवरचा पंखा काढला तेव्हा पात्यांत कापसाचे तंतू गुंतलेले होते आणि प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट चुन्यासारखी वाळली होती. ती पुसून नवी लावली, तरीही स्क्रीन काळाच राहिला. सॉकेटातील पिना टॉर्चने तपासल्या, त्या सरळ होत्या. पंखा ओढताना रॅमची पट्टी सैल झाली होती. ती दाबून बसवताच संगणक सुरू झाला.