परड्यात मातीची पावभट्टी बांधायची तर

सिमेंट वापरू नका, हे आधीच सांगतो. गवंडी म्हणतील सिमेंटनं पक्कं होतंय, पण साधं सिमेंट तीनशे डिग्रीच्या वर तापलं की ठिसूळ होऊन तडकतं आणि भट्टीचा घुमट आतनं त्याच्याही वर जातो. माती उलट तापून तापून घट्ट होत जाते.

आता माती कुठली. मी पहिल्यांदा बैलहोंगलकडनं पाहुण्यांच्या शेतातली काळी माती आणली होती, वाळताना ती एवढी आकसली की भेगांत बोट जाईल, सगळं पाडून परत करावं लागलं, फार वाईट वाटलं तेव्हा. काळी माती पाणी पिऊन फुगते नि वाळली की आकसते, ती नकोच. खानापूर बाजूची चिकट माती बघा, तिकडं कौलं-मडकी करत आलेत लोक. काचेच्या बाटलीत माती नि पाणी घालून जोरात हलवा, रात्रभर ठेवा, खाली वाळू बसते, वर चिकणमाती, म्हणजे किती काय आहे ते डोळ्यानं दिसतं. साधारण एक बुट्टी चिकण मातीला दोन ते तीन बुट्ट्या वाळू, एम-सँड म्हणजे दगड फोडून केलेली वाळू चालतंय, उलट खडबडीत असल्यानं छान धरतं. ताडपत्रीवर पायानं तुडवायचं, पाणी कमीच. गोळा करून छातीएवढ्या उंचीवरनं टाका, फुटला तर माती कमी किंवा कोरडं, पसरला तर पाणी जास्त.

ओटा कमरेएवढा, दगडाविटांचा. वर भुशात माती कालवून त्यात रिकाम्या काचेच्या बाटल्या आडव्या बसवा म्हणजे उष्णता खाली जात नाही, त्यावर बारीक वाळूचा थर नि फायर ब्रिक म्हणजे जाळ सोसणाऱ्या विटा एकमेकाला चिकटून, मधे सांधायचा मसाला न घालता.

घुमटासाठी ओल्या वाळूचा ढीग करायचा, २७ इंच रुंद नि १६ इंच उंच, वर ओले पेपर. त्यावर मातीचा तीन इंचाचा थर तळापासून वर चढवत न्यायचा, हातानं दाबून दाबून. दुसऱ्या दिवशी घट्ट झालं की दार कापा नि वाळू हळूहळू काढून घ्या. दाराची उंची मात्र मोजूनच, आतल्या उंचीच्या ६३ टक्के, म्हणजे १६ इंचाला १० इंच. यात चुकलं की भट्टी बिघडली समजा, दार उंच झालं तर उष्णता निघून जाते आणि बुटकं झालं तर धूर कोंडतो, जाळ लागतच नाही. रुंदी १३-१४ इंच पुरे.

वरनं दुसरा थर पातळ चिखलात कालवलेल्या भाताच्या पिंजराचा, चार इंच, हा उष्णता धरून ठेवतो. शेवटी चुन्याचा गिलावा.

दिवाळीनंतर बांधा, पावसाळ्यात वाळणार नाही, आणि खानापूर-बेळगावच्या पावसात वर पत्रा किंवा कौलं पाहिजेतच, नाहीतर घुमट वाहून जाईल. दोनेक आठवडे वाळू द्या, मग आठवडाभर रोज अगदी बारीक जाळ करा, घाई केली की आतल्या पाण्याची वाफ होऊन माती उलते.

भाजायच्या दिवशी वाळलेलं बाभळीचं लाकूड दोन-तीन तास जाळा, रंग लावलेलं किंवा प्लायवूड कधीच नको. आधी घुमट काजळीनं काळा होतो, मग काजळी जळून पांढरा पडतो, तेव्हा तयार. निखारे ओढून काढा, ओल्या फडक्यानं तळ पुसा, दार लावून अर्धा तास थांबा. चिमूटभर पीठ टाका, लगेच काळं झालं तर अजून थांबा, हळूहळू तांबूस झालं तर पाव सारा. छोटे पाव पंधरा मिनिटं, मोठा लोफ पाऊण तासापर्यंत. त्यानंतर आपली रताळी टाका, मंद उष्णतेवर तासाभरात अशी गोड शिजतात की बास. सकाळीसुद्धा भट्टी कोमटच असते, पुढच्या वेळचं लाकूड तिच्यातच वाळत ठेवा.