डब्याचा तळ दिसण्याआधी: घरगुती भाजणी-मसाल्याच्या व्यवसायाचे अनुभव

पुण्यात थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला तयार करून विकण्याचा आमचा घरगुती व्यवसाय समाजमाध्यमांवर एकही जाहिरात न देता उभा राहिला आणि आजही तसाच चालतो. या व्यवसायात येऊ पाहणाऱ्या अनेक जणी भेटायला येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा मालाचे फोटो कुठे आणि कसे टाकावेत, हा असतो. माझ्या मते त्याआधी विचारण्यासारखा प्रश्न असा आहे, की ज्या घरात आपला माल एकदा गेला, त्या घरातला डबा साधारण कधी रिकामा होईल. भाजणी आणि मसाला या नेमाने संपणाऱ्या वस्तू आहेत. त्यांच्या विक्रीचा मोठा भाग जुन्या ग्राहकाच्या पुढच्या खरेदीतून येतो, आणि ती खरेदी डबा रिकामा होण्याच्या आसपासच्या चार-आठ दिवसांतच ठरते. त्या दिवसांत आपण आठवलो नाही, तर ग्राहक जवळच्या दुकानातून दुसरे पाकीट आणून मोकळा होतो.

म्हणून आमच्याकडची सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे ग्राहकांची वही. प्रत्येक घराला एक स्वतंत्र पान आहे. त्यावर नाव, इमारत आणि फोन यांच्या खाली तारीख, माल, वजन आणि मिळालेले पैसे असे रकाने आखलेले असतात. उजव्या समासात मात्र ज्यावर धंदा चालतो ते लिहिलेले असते: घरात खाणारी माणसे किती, सासूबाईंना तिखट चालत नाही, उपवासाच्या भाजणीत साबुदाणा नको, राजगिरा जास्त हवा, आणि हे घर आपल्याकडे कोणाच्या ओळखीने आले. चार-सहा महिन्यांच्या नोंदी झाल्या, की अर्धा किलो भाजणी कोणाला तीन आठवडे पुरते आणि कोणाला दोन महिने, हे त्या पानावरून स्पष्ट दिसू लागते.

दर शनिवारी मी ही पाने चाळते आणि ज्यांचा माल पुढच्या आठवड्यात संपत आला असेल अशांना फोन करते. फोन सकाळचा स्वयंपाक उरकल्यावर, साधारण अकरानंतर करावा आणि बोलणे थोडक्यात ठेवावे. ‘काकू, मंगळवारी भाजणी दळायला देते आहे, तुमच्यासाठी अर्धा किलो ठेवू का?’ एवढे पुरते. समोरून नकार आला तर तो वहीत नोंदवावा आणि महिनाभर त्या घराला पुन्हा फोन करू नये, कारण वारंवार येणारा फोन लोकांना जाहिरातीइतकाच नकोसा होतो.

या पद्धतीचा दुसरा लाभ भांडवलाचा आहे. मागणी आधी कळल्यामुळे मार्केट यार्डातील भुसार बाजारातून धान्य आणि मसाल्याचे जिन्नस नेमके तेवढेच आणता येतात, पीठ ताजे जाते आणि पैसा अडकून पडत नाही. मुंबई ग्राहक पंचायतीने 1975 पासून शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ बांधून त्यांची महिन्याची मागणी एकत्र नोंदवून घेण्याची आणि त्याप्रमाणे माल वाटण्याची पद्धत चालवली आहे. आमची वही त्या मानाने अगदी लहान आहे, पण आधी मागणी आणि मग माल हा क्रम मला तिथूनच पटला.

वहीत पहिली नावे यायची कुठून, हा नवख्यांचा खरा पेच असतो. आमच्या बाबतीत त्याचे उत्तर संक्रांतीने दिले. मकर संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू होते आणि येणाऱ्या प्रत्येकीला वाण दिले जाते. प्लॅस्टिकच्या डब्या आणि वाट्या देऊन कंटाळलेल्या ओळखीच्या दोघी-तिघींना मी 50 ग्रॅम मेतकुटाचे पाकीट वाण म्हणून सुचवले. पाकिटात एक चिठ्ठी घातली: मऊ भातावर तूप-मीठ घालून कसे खावे, दह्यात कसे कालवावे, आणि खाली आमचा फोन. ही पाकिटे जवळजवळ लागत खर्चातच द्यावीत, कारण एका हळदीकुंकवातून तीस-चाळीस स्वयंपाकघरांत आपला माल पोहोचतो, आणि तोही त्यांच्या विश्वासातल्या बाईच्या हातून. त्यानंतर आलेल्या प्रत्येक फोनवर पाकीट कोणाकडून मिळाले हे विचारून लिहून ठेवले आणि त्या घरच्या पुढच्या मागणीसोबत मेतकुटाचे एक लहान पाकीट आवर्जून पाठवले. ओळख करून देणाऱ्याची अशी आठवण ठेवणे मला फार महत्त्वाचे वाटते.

पाकिटावरचा मजकूर हीच या व्यवसायातली खरी जाहिरात आहे, आणि तिचा बराचसा भाग कायद्यानेच ठरवून दिलेला आहे. उत्पादकाचे नाव-पत्ता, घटक पदार्थ, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, किती काळ टिकेल, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी संपर्क, हिरव्या चौकटीतील हिरवा भरीव गोल आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा 14 आकडी क्रमांक हे सारे त्यावर हवे. आम्ही नोंदणी केली तेव्हा वर्षाला 12 लाख रुपयांपर्यंतच्या उलाढालीला मूळ नोंदणी पुरत असे आणि तिचे शुल्क वर्षाला 100 रुपये होते. नियम बदलतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी ‘फॉसकॉस’ या सरकारी संकेतस्थळावर सध्याची मर्यादा पाहून घ्यावी. लहान व्यवसायांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य असते, तीही करून ठेवावी. फोन क्रमांक मात्र कायद्याला पुरेल इतक्या बारीक अक्षरात न छापता चष्म्याशिवाय वाचता येईल असा ठळक छापावा.

दुकानात माल ठेवण्याविषयी माझे मत सावध आहे. किराणा दुकानदार 15 ते 20 टक्के सूट मागतो आणि बहुतेक वेळा विकेल तसे पैसे देतो. गोड्या मसाल्यात खोबरे आणि तीळ असतात, उन्हाळ्यात ते लवकर खवट होतात, आणि खवट पाकिटाचा दोष ग्राहक दुकानाला देत नाही, आपल्याला देतो. त्यामुळे मोजक्याच दुकानांत थोडी थोडी पाकिटे ठेवावीत, दर पंधरवड्याला स्वतः जाऊन जुनी पाकिटे उचलावीत आणि त्याच वेळी हिशेब पुरा करावा. दुकानातून नेलेल्या पाकिटामागचे घर आपल्या वहीत आपोआप येत नाही. ते यावे म्हणून तिथल्या पाकिटांतही चिठ्ठी घालावी आणि घरून मागवल्यास हवे तसे दळून मिळेल, हे तिच्यावर लिहावे.

वर्तमानपत्रांतून टाकलेल्या पत्रकांचा आम्हाला फारसा उपयोग झाला नाही. डिसेंबरातल्या भीमथडीसारख्या जत्रेत विक्री भरपूर होते, पण तिथेही गल्ल्याइतकेच लक्ष नावे आणि फोन लिहून घेण्याकडे असावे. गूगल मॅप्सवर पत्ता आणि वेळ अचूक नोंदवणे फुकट आहे आणि वाट चुकणाऱ्यांचे फोन त्यामुळे कमी होतात.

जुलैच्या सुमारास एक वेगळीच मागणी येते, ती अमेरिकेत शिकायला निघालेल्या मुलांच्या घरांतून. तिथली सत्रे ऑगस्टमध्ये सुरू होतात, त्यामुळे आया घाईत असतात. हवा काढून बंद केलेली, घटक स्पष्ट छापलेली छोटी पाकिटे त्यांना हवी असतात. त्या देशात काय नेता येते हे आधी तपासायला मी प्रत्येकीला सांगते, मग त्यात एक मागणी कमी झाली तरी चालेल. राज्यात स्पीड पोस्टने माल पाठवणे सोपे आहे. राज्याबाहेर विक्री करायची असेल तर जीएसटी नोंदणीचा प्रश्न उलाढाल लहान असली तरी येतो, म्हणून आधी कर सल्लागाराला भेटावे.

किंमत ठरवताना धान्य भाजल्यावर वजन घटते आणि गिरणीतही थोडे पीठ जाते, हे धरावे. गॅस, दळण, पाकीट, लेबल यांच्याबरोबर स्वतःच्या तासांची मजुरी लावावी. ती न लावता ठरवलेली किंमत मदतीला पहिली बाई ठेवताक्षणी कोसळते. मागणीलाही मर्यादा घालावी लागते. दिवाळीच्या चकलीची भाजणी आम्ही वसुबारसेच्या आठ दिवस आधी बंद करतो आणि ती तारीख सप्टेंबरपासूनच्या प्रत्येक फोनवर सांगतो. त्यानंतर विचारणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणतो, त्याचे नाव वहीत लिहितो आणि पुढच्या वर्षीचा पहिला फोन त्याला करतो.