पेरूत सॅक घेऊन भटकायचंय? मार्ग आखताना या चुका टाळा

पेरूचा नकाशा पुढ्यात घेतला की डोळे आधी माचू पिचूवर, इंका लोकांच्या डोंगरातल्या जुन्या शहरावर जातात. मग बेत ठरतो: लिमाला उतरायचं, दुसऱ्या दिवशी विमानाने कुस्को. आमचाही तसाच ठरला होता. लिमा समुद्रकाठी आणि कुस्को ३,४०० मीटरवर. कळसूबाईच्या दुप्पट, जवळजवळ लेहइतकं उंच. दुपारी पोचलो आणि उत्साहाच्या भरात तिथल्या सान ब्लास वस्तीची चढण चढलो. संध्याकाळी मैत्रिणीचं डोकं ठणकायला लागलं. रात्री दोनदा उलटी झाली, पाण्याचा घोटही पोटात टिकेना. पुढचे दोन दिवस खोलीत पडून गेले. एकदम उंचावर गेल्याने विरळ हवा बाधली होती. सगळा घोळ आमच्या क्रमाचा होता.

कुस्कोला विमानानेच जायचं असेल, तर विमानतळावरून थेट खाली, दरीतल्या ओयांतायतांबो गावाला जा. ते साधारण २,८०० मीटरवर आहे. माचू पिचू त्याहून खाली, २,४३० मीटरवर. म्हणून आधी दरी, मग माचू पिचू आणि कुस्को शेवटी. हातात तीन आठवडे असतील तर मला याहून चांगला वाटतो तो दक्षिणेचा रस्ता: लिमा, इका, नाझ्का, मग २,३०० मीटरवरच्या आरेकिपात तीन रात्री. तिथून कोल्का दरी, पुनो, कुस्को. कोल्काला जाताना बस जवळपास ४,९०० मीटरची खिंड ओलांडते, पण मुक्काम बराच खाली असतो, आणि महत्त्व मुक्कामाच्या उंचीलाच. पाच हजार मीटरवरचा विनिकुंका, म्हणजे तो रंगीत पट्ट्यांचा डोंगर, अगदी शेवटी ठेवा. कोकाच्या पानांचा चहा प्या, बरं वाटतं. पण तोल जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर चहावर विसंबू नका. लगेच खाली उतरा. ती पानं भारतात मात्र आणू नका, इथे त्यांच्यावर बंदी आहे.

दुसरी चूक महिन्याची. डोंगरात पाऊस डिसेंबर ते मार्च असतो, आणि इंका ट्रेल, म्हणजे माचू पिचूला पायी नेणारी जुनी वाट, दरवर्षी फेब्रुवारीत बंद असतो. एरवी दिवसाला ५०० परवाने, तेही वाटाडे आणि हमाल धरून. मे ते सप्टेंबरचे परवाने कित्येक महिने आधी संपतात. ते हुकले तर साल्कांतायचा दुसरा ट्रेक आहे, त्याला असा परवाना लागत नाही. खिंड मात्र ४,६०० मीटरची आहे. माचू पिचूच्या तिकिटावर तारीख, वेळ आणि आतला मार्ग ठरलेला असतो. म्हणून आधी हे तिकीट काढा, तिथे नेणाऱ्या रेल्वेचं नंतर. पासपोर्टचं नूतनीकरण करायचं असेल तर बुकिंगच्या आधीच उरका, कारण तिकिटावरचा पासपोर्ट नंबर जुळावा लागतो.

लिमा ते कुस्को बसला वीस तासांहून जास्त लागतात, वाटेत दरडीही कोसळतात. शिवाय 'पारो', म्हणजे बंद. रस्त्यावर दगड आणि टायर टाकले की बस तिथेच अडकते. जानेवारी २०२३ मध्ये आंदोलनांमुळे माचू पिचूच काही आठवडे बंद होतं. परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेवाच.

आपल्याकडच्या लोकांचं हमखास राहून जातं ते पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र. पेरूहून भारतात परतताना ते मागतात, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. 'आम्ही जंगलात गेलोच नव्हतो' ही सबब चालेल असं धरून चालू नका. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं.

शाकाहारी असाल तर नुसतं 'सिन कार्ने', म्हणजे 'मांस नको', म्हणून भागत नाही. तिकडे कार्ने म्हणजे बहुतेकदा लाल मांस. मी तेवढंच म्हणाले आणि किनोआच्या सूपमध्ये चमचा फिरवला, तर तळातून कोंबडीचा तुकडा वर आला. 'सिन पोयो, सिन पेस्कादो', म्हणजे कोंबडी नको, मासे नको, हेही सांगा, आणि सूप कशाच्या पाण्यात शिजवलंय ते विचारा.