पावसाळ्यात मिनिएचर रंगवायचंय? मग प्रायमर ब्रशनंच

रोलप्लेइंग खेळासाठी मिनिएचर, म्हणजे पात्रांच्या इवल्या मूर्ती, रंगवायला घेणाऱ्यांना धास्ती असते ती मूर्तीच्या डोळ्यांची. डोळा बिघडला तर पुसून पुन्हा काढता येतो. प्रायमर (रंग धरावा म्हणून आधी द्यायचा थर) बिघडला की सगळं खरवडावं लागतं, आणि बेळगाव-खानापूर पट्ट्यात जून ते सप्टेंबर तो हमखास बिघडतो.

साच्याच्या रेघा तासा, साबणाच्या पाण्यानं धुवा, वाळवा, धरायला खाली बाटलीचं झाकण चिकटवा. रेझिनचा थ्रीडी प्रिंट चिकट लागत असेल तर त्याला रंग लावू नका, आधी पूर्ण क्युअर करा (अतिनील प्रकाशात कडक होऊ द्या).

आता प्रायमर. बहुतेक व्हिडिओ स्प्रे कॅन दाखवतात. कोरड्या हवेत ते ठीक आहे. आपल्याकडे पावसात स्प्रेमधलं द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि पांढुरकी, खरखरीत साय चढते. २८ मिलिमीटरच्या योद्ध्याच्या चेहऱ्यावर ती चढली की नाक-ओठ गेलेच. ‘जरा उघडीप मिळाली की गच्चीवर जाऊन मार’ हा सल्ला मला मुळीच पटत नाही. ऊन पडलं तरी हवेतला दमटपणा लगेच जात नाही. कॅन कपाटात ठेवा, दिवाळीनंतर काढा.

मला हा टप्पा जमायला फार वेळ लागला, म्हणून सविस्तर सांगतो. ब्रशनं लावायचा मिनिएचरचाच ॲक्रिलिक प्रायमर घ्या. कॅनव्हासला आधी लावतात तो दाट जेसो नको. तो चिलखताच्या कड्या बुजवतो. पहिला हात पातळ द्या. तो पट्ट्यापट्ट्यांचा, अर्धवट दिसेल. दिसू दे! झाकायला म्हणून वरून आणखी थापलात की काम फसलं. अंगरख्याच्या चुण्यांत प्रायमर साचला तर ओला असतानाच कोरड्या ब्रशच्या टोकानं ओढून घ्या. मग झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत रात्रभर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दुसरा हात द्या. घाईनं गरम हेअर ड्रायर धरू नका, बारीक तलवारी आणि भाले वाकतात.

थर्माकोलच्या देखाव्याला तर थेट स्प्रे कधीच नको, उन्हाळ्यातही नको. त्यातलं द्रावक थर्माकोल खाऊन टाकतं. फेव्हिकॉल, काळा ॲक्रिलिक आणि थोडं पाणी कालवून सगळीकडे लावा; कोपरे आणि तळ सोडू नका.

पुढचं सोपं आहे: पातळ रंगाचे दोन हात, खोलगट जागी वॉश (पाण्यासारखा पातळ रंग), उंचवट्यांवर ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशचा हलका हात).

देखाव्यासाठी परदेशी करड्या किल्ल्यांची नक्कल कशाला करायची? खानापूरकडच्या जांभ्याच्या भिंती बघा. ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा थर्माकोलवर दाबून फिरवा, जांभ्यासारखी भोकं उठतात (हे फेव्हिकॉलचं मिश्रण लावण्याआधी). त्यावर गडद तपकिरी, मग विटकरी, आणि शेवटी उंचवट्यांवर हलका नारिंगी. पावसाळी भिंत हवी असेल तर सांध्यांत काळपट हिरवा वॉश सोडा. ओसाड गढी, राक्षसाची गुहा, काहीही करा, हा रंग जिवंत वाटतो. आपल्या मुलखात दिवाळीला किल्ले करणाऱ्या पोरांना हे शिकवायलाही लागत नाही.

बेससाठी (मूर्तीखालच्या चकतीसाठी) तांबडी माती चहाच्या गाळणीनं चाळा आणि तव्यावर भाजून घ्या, नाहीतर बुरशी धरते. फेव्हिकॉलवर पसरा, वाळली की जास्तीची झटका.

मॅट वॉर्निशही पावसाळ्यात ब्रशनंच, दोन हात. बेसच्या कडेला तिसरा हात द्या. खेळताना बोटं तिथंच लागतात.