नव्या गृहप्रकल्पात चालणं आणि सायकल अवघड करणाऱ्या या चुका टाळा

पुण्याच्या आसपासचं वाकड, पुनावळे, ताथवडे, रावेत, नाहीतर नदीपलीकडे खराडी-वाघोली. या पट्ट्यातल्या कुठल्याही नव्या प्रकल्पाचं माहितीपत्रक उघडा. जॉगिंग ट्रॅक आणि सायकल चालवणारं हसरं कुटुंब त्यात हमखास सापडेल. ताबा मिळाल्यावर त्याच कुटुंबातलं मूल भिंतीपलीकडच्या शाळेत व्हॅनने जातं आणि सायकल बेसमेंटमध्ये धूळ खाते. दोष लोकांच्या आळसाला दिला जातो. खरं तर लेआउट कागदावर असतानाच चालणाऱ्याचं नाव वगळलेलं असतं. गेट कुठे, भिंत कुठे, रॅम्प कुठून हे एकदा पक्कं झालं की नंतर सोसायटीच्या हातात डागडुजी तेवढी उरते. म्हणून खालच्या चुका नकाशा बनवणाऱ्यांनी, फ्लॅट बघणाऱ्यांनी आणि नुकतीच सूत्रं हातात घेतलेल्या कमिट्यांनी आधीच ओळखाव्यात.

चूक पहिली आणि सगळ्यात महाग: एकच गेट

समजा, भूखंड तीन-साडेतीनशे मीटर लांब आहे. मुख्य गेट डीपी रोडच्या (विकास आराखड्यातल्या मोठ्या रस्त्याच्या) टोकाला आणि तुमची इमारत मागच्या टोकाला. मागच्या भिंतीला लागून गल्ली, गल्लीत शाळा आणि भाजीवाला. खिडकीतून शाळेची घंटा ऐकू येते. पण तिथे जायचं तर आधी गेटपर्यंत तीनशे मीटर, मग डीपी रोडवरून वळसा, मग गल्लीतून पुन्हा तेवढंच मागे. झाला जवळपास किलोमीटर, तोही बहुतेक ठिकाणी फूटपाथ नसलेल्या रस्त्याने. असं असताना माणूस गाडीची किल्ली उचलणारच. सकाळी आठला गेटवर जी रांग लागते, तिच्यातल्या बऱ्याच गाड्या या भिंतीनेच रस्त्यावर आणलेल्या असतात.

नेदरलँड्समधल्या हाउटेन या गावाची आखणी याच्या बरोबर उलटी आहे. तिथे एका भागातून दुसऱ्या भागात मोटार न्यायची तर बाहेरच्या रिंगरोडवर जाऊन पुन्हा आत यावं लागतं. सायकल मात्र मधून सरळ जाते. आपण मोटारीला सरळ दार दिलं आणि वळसा पायी चालणाऱ्याच्या माथी मारला.

उपाय साधा आहे. बसथांबा, शाळा, बाजार ज्या बाजूला असेल त्या बाजूच्या भिंतीत पायी आणि सायकलवाल्यांसाठी छोटं दार ठेवा. लेआउटच्या टप्प्यावर याचा खर्च जवळपास शून्य असतो. हरकत नेहमी एकच येते, "सिक्युरिटीचं काय?" या दारावर चोवीस तास वॉचमन बसवायलाच हवा असं नाही. रहिवाशांना कार्ड, एक कॅमेरा, चांगला दिवा आणि सकाळी सहा ते रात्री दहा अशी वेळ, एवढ्यावर भागतं. आणि खरं सांगायचं तर निर्मनुष्य लांबलचक भिंतीपेक्षा माणसांची ये-जा असलेलं दार जास्त सुरक्षित असतं.

या दाराचा दुसरा घोळ म्हणजे त्यातून घुसणाऱ्या बाइक. त्यांना अडवायला लोक फिरतं फाटक नाहीतर वेडावाकडा लोखंडी पाइप बसवतात, आणि मग बाबागाडी, व्हीलचेअर, भाजीची ट्रॉली, सायकल यांपैकी काहीच जात नाही. इथे एक गोष्ट मान्य करूनच पुढे जावं लागतं. व्हीलचेअरला साधारण ९० सेंटिमीटर मोकळी जागा लागते आणि तेवढ्या जागेतून स्कूटरही निघते. दोघांमध्ये फरक करणारी फट अस्तित्वात नाही. तेव्हा दार रुंद ठेवा, मध्ये खांब लावायचाच तर दोन्ही बाजूंना तेवढी जागा सोडा, आणि बाइक काढणाऱ्याला दंड लावा. शेजाऱ्याशी वाईटपणा नको म्हणून कमिटी दंड टाळते आणि त्याची शिक्षा व्हीलचेअरवरच्या आजोबांना होते.

भिंत आधीच बांधून झाली असेल तर? पलीकडे सार्वजनिक रस्ता असेल तर वार्षिक सभेत ठराव करा आणि मंजूर नकाशात बदल दाखवावा लागतो का, हे आर्किटेक्टकडून तपासून घ्या. पलीकडे कुणाचा खासगी प्लॉट असेल तर त्याच्या संमतीशिवाय काही हलत नाही. शेजारचा प्रकल्प अजून कागदावर असेल तर ती बोलणी आत्ताच करा. त्यांची भिंत उभी राहिली की विषय संपला.

गेटपासून लिफ्टपर्यंत चालायचं कुठून?

उंच इमारतीभोवती अग्निशमन बंबासाठी सहा मीटर रुंद मोकळा रस्ता ठेवावा लागतो. नकाशात तोच गाड्यांचा रस्ता होतो, आणि चालणाऱ्यांनीही तोच वापरावा असं गृहीत धरलं जातं. "बंबाची वाट आहे, तिथे फूटपाथ करता येत नाही" हे उत्तर तुम्हालाही मिळालं असेल. उंच कडेचा फूटपाथ करता येत नाही हे खरं. पण त्याच पातळीवर, बंबाचं वजन पेलेल अशा वेगळ्या रंगाच्या पेव्हर ब्लॉकचा दीड-दोन मीटरचा पट्टा नक्की आखता येतो. बंब आला तर तो त्यावरूनही जाईल. एरवी तो पट्टा माणसांचा. अट एवढीच की त्यावर पाहुण्यांच्या गाड्या लागता कामा नयेत, नाहीतर दोन्ही हेतू बुडाले.

पट्टा सरळ ठेवा. लँडस्केपवाल्यांना नागमोडी वाटा फार आवडतात. वरून काढलेल्या फोटोत त्या छानही दिसतात. पण दोन्ही हातांत पिशव्या असलेला माणूस हिरवळ तुडवून सरळच जाणार. मोठ्या भूखंडात १० टक्के मोकळी जागा सोडणं एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीनुसार बंधनकारक असतं. ही जागा उरल्यासुरल्या कोपऱ्यात ढकलण्याऐवजी गेट ते इमारत या वाटेला लागून ठेवली तर चालण्याची सोय आपोआप होते. मुलं खेळताना येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेसमोर राहतात, हा वरचा फायदा.

जॉगिंग ट्रॅक ही चालायची सोय नव्हे. तो जिथून निघतो तिथेच परत येतो.

पोडियम, म्हणजे पार्किंगच्या मजल्यावर उभारलेला चौथरा, असलेल्या प्रकल्पांत आणखी एक अडचण हमखास दिसते. बाग, लॉबी, क्लबहाउस सगळं वरच्या मजल्यावर आणि रस्ता खाली. दोन्ही जोडायला असतो तो गाड्यांचा रॅम्प. त्याचा चढ गाडीच्या इंजिनासाठी काढलेला असतो, गुडघ्यांसाठी नाही. व्हीलचेअरच्या रॅम्पचा चढ १:१२ पेक्षा जास्त नसावा असा संकेत आहे. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या एका पायरीएवढी उंची चढायलाही १.८ मीटर लांबी लागते. पूर्ण मजला चढवायचा तर रॅम्प फारच लांब होईल, त्यामुळे गेटजवळच वेगळी लिफ्ट आणि रुंद जिना हवा. जिन्याच्या कडेला सायकलचं चाक जाईल अशी पन्हाळ ओतून घेतली तर सायकल ढकलत वर नेता येते. काँक्रीट ओतताना हे काम दोन तासांचं असतं.

सायकल बेसमेंट दोनमध्ये

नकाशात सायकल पार्किंग दाखवलेलं असतं, पण ते दुसऱ्या बेसमेंटमध्ये, पाण्याच्या टाकीमागे, भिंतीतल्या हुकांवर. साधी काळी सायकल वीस किलोच्या घरात जाते. ती उचलून हुकाला टांगणं शाळकरी मुलाला आणि साठीच्या बाईला जमत नाही. शिवाय बेसमेंटच्या रॅम्पवर वरून गाडी येत असताना सायकल ढकलणं धोक्याचंही आहे.

जागा जमिनीच्या पातळीवर, लिफ्टच्या लॉबीपासून दिसेल अशी, छताखाली हवी. उलट्या यू आकाराचे लोखंडी पाइप जमिनीत पक्के करा. एका पाइपला दोन सायकली लागतात, आणि दोन पाइपांत मीटरभर अंतर ठेवलं की हँडल अडकत नाहीत. नुसतं पुढचं चाक अडकवायच्या खाचा घेऊ नका. धक्का लागला की रिम वाकते आणि कुलूप फ्रेमला घालता येत नाही. वापरात नसलेल्या गंजक्या सायकलींनी जागा अडली असेल तर वर्षातून एकदा सगळ्या सायकलींना चिठ्ठ्या बांधा. महिन्याभरात ज्या सायकलची चिठ्ठी कुणी काढली नाही ती मालकाला विचारून देऊन टाका.

आणि सायकल खरोखर चालवतं कोण, हेही एकदा बघा. वॉचमन, माळी, इस्त्रीवाला, साइटवरचे मजूर. स्वयंपाकाच्या आणि कामाच्या मावश्या रोज दोन-तीन सोसायट्या पायी करतात. यांना सायकल गेटबाहेर विजेच्या खांबाला बांधायला सांगणारी सोसायटी आतमध्ये 'सायकल डे' साजरा करते तेव्हा हसू येतं. गेटजवळ त्यांच्यासाठी छप्पर असलेला एक स्टँड ठेवा. रोज भरलेला दिसेल.

गेटबाहेरची दहा पावलं

गेटसमोर पालिकेचा फूटपाथ असेल तर गाड्या आत घ्यायला तो तोडून खाली आणतात. सलग सहा सोसायट्यांनी असं केलं की फूटपाथवर सहा वेळा उतरा आणि सहा वेळा चढा. पावसात प्रत्येक खळग्यात पाणी. मग लोक रस्त्यावरून चालतात आणि "फूटपाथ कुणी वापरतच नाही" असा निष्कर्ष निघतो. योग्य पद्धत उलटी आहे. फूटपाथ त्याच उंचीवर सलग राहतो आणि गाडी छोट्या उतारावरून त्यावर चढून आत जाते. ड्रायव्हरला कळतं की आपण माणसांच्या जागेतून जातोय, आणि वेग आपोआप कमी होतो. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत निवासी भागातल्या फूटपाथसाठी किमान १.८ मीटर निर्वेध रुंदी सांगितली आहे आणि उंची १५ सेंटिमीटरहून जास्त नको असं म्हटलं आहे. निर्वेध म्हणजे ट्रान्सफॉर्मर, झाड, सोसायटीच्या नावाचा दगड आणि कुंड्या वगळून.

पुणे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण आणि २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला. कागद चांगले आहेत. उपनगरांत अडतं ते जोडणीवर. प्रत्येक बिल्डर आपल्या प्लॉटपुरता फूटपाथ करतो, पुढे शेत लागलं की तो संपतो. अशा वेळी एका सोसायटीने पत्र लिहून काही होत नाही. परिसरातल्या सोसायट्यांच्या फेडरेशनने बसथांब्यापर्यंतचा एकच सलग तुकडा मागावा, संपूर्ण रस्ता नव्हे. तुकडा मंजूर होणं सोपं जातं.

छोट्या पण पाडणाऱ्या गोष्टी

आतल्या रस्त्यावर अरुंद प्लॅस्टिकचे स्पीडब्रेकर ठोकू नका. सायकलला ते दणका देतात आणि एसयूव्हीला कळतही नाहीत. गोल गतिरोधकाचं प्रमाण माप ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असं आहे. त्याहून बरं म्हणजे लॉबीसमोर फूटपाथच्या पातळीचा उंच क्रॉसिंग पट्टा करणं. पावसाळी गटारांच्या जाळीच्या पट्ट्या सायकलच्या दिशेला आडव्या बसवा. उभ्या असल्या तर चाक आत जातं. गुळगुळीत ग्रॅनाइट बाहेर नकोच.

बुकिंगआधी आणि ताब्यानंतर

मंजूर लेआउट महारेराच्या (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर बघता येतो. त्यात पायी दार, सायकलची जागा, गाड्यांचा रॅम्प शोधा. सेल्स ऑफिसातला मॉडेल बघून ठरवू नका, त्यात शेजारची झोपडपट्टी आणि नाला दोन्ही नसतात. दाखवलेलं दार नंतर गाळायचं असेल, तर रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार लेआउट बदलायला दोन-तृतीयांश सदनिकाधारकांची लेखी संमती लागते. कोऱ्या संमतिपत्रावर बुकिंगच्याच दिवशी सही मागितली तर देऊ नका.

ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत खचलेले पेव्हर, तुटलेला रॅम्प, पाणी साचणारी वाट यांसारखे कामातले दोष बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात, आणि कळवल्यापासून ३० दिवसांत. फोनवर कळवलेलं नंतर सिद्ध करणं अवघड जातं. फोटो, तारीख आणि पोचपावतीसह पत्र द्या, आणि ते पहिल्याच पावसाळ्यानंतर द्या. तेव्हा पाणी कुठे साचतं हे वादाशिवाय दिसतं.