ॲपमधल्या इमेज फाटतात, नाहीतर ॲपच बंद पडतं? या चुका टाळा

नाशिकला बरीच वर्षं ॲप बनवतोय, आणि इंटर्नशिपला नवीन पोरं आली की इमेजच्या त्याच त्या चुका परत बघतोय, म्हणून आज लिहूनच टाकतो.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे अँड्रॉइड ॲपच्या सगळ्या इमेज नुसत्या ड्रॉएबल फोल्डरमध्ये (ॲपच्या इमेज ठेवायचा फोल्डर, स्क्रीनप्रमाणे त्याचे वेगवेगळे प्रकार असतात) टाकून मोकळं होणं. चालतंय ना सर, मग कशाला, असं म्हणतात. २०१७ ला पिंपळगावच्या एका द्राक्ष व्यापाऱ्याचं ॲप केलं होतं, सुरुवातीला तीन स्लाईड, प्रत्येक १०८० बाय १९२० ची. माझ्या जुन्या एचडीपीआय (इंचाला २४० ठिपक्यांची स्क्रीन) फोनवर मस्त पळत होतं. दाखवायला गेलो, भाऊंनी त्यांच्या नव्याकोऱ्या महागड्या फोनवर टाकलं आणि उघडलं की बंद, उघडलं की बंद. चार माणसांसमोर. रात्री दोनपर्यंत मी नेटवर्कचा कोड उसवत बसलो आणि दोष होता फोल्डरचा.

होतं असं की नुसत्या ड्रॉएबलमधली इमेज अँड्रॉइड एमडीपीआयची, म्हणजे इंचाला १६० ठिपक्यांच्या स्क्रीनची धरतो. भाऊंचा फोन एक्सएक्सएचडीपीआय, ४८० चा, म्हणजे तिप्पट. आम्ही बिटमॅपफॅक्टरीच्या डिकोडरिसोर्सने (इमेज मेमरीत उघडणारी अँड्रॉइडची कमांड) लोड करत होतो, ते इमेज उभी-आडवी दोन्हीकडून तिप्पट ताणतं, म्हणजे पिक्सेल नऊपट. एका पिक्सेलला ४ बाइट, त्यामुळे साधारण ८ एमबीची इमेज मेमरीत ७५ एमबीची झाली, आणि अशा तीन. माझ्या फोनवर दीडपटच ताणत होतं म्हणून १९ एमबीत भागत होतं. स्वस्त फोनवर चालतं आणि महागड्यावर पडतं असं दिसलं की मी आता आधी फोल्डर उघडतो. इमेज ड्रॉएबल-एक्सएक्सएचडीपीआयमध्ये हलवल्या, दोन मिनिटांचं काम, क्रॅश गेला. पूर्ण स्क्रीनची एकच इमेज असेल तर मी आजही तिथेच ठेवतो, लहान फोनवर ती बारीक होते, त्याने काही बिघडत नाही.

दुसरी चूक, छोटी इमेज मोठी करणं. क्लायंट व्हॉट्सॲपवर लोगो पाठवतो, तो आधीच दाबलेला असतो, आणि पोरं तोच ओढून १९२ पिक्सेलचा करतात. फाटणारच ना! मोठ्याची लहान करता येते, लहानाची मोठी नाही. मी सरळ विचारतो, दुकानाचा बोर्ड कोणी केला? त्या फ्लेक्सवाल्याकडे कोरलड्रॉची (डिझाईनचं सॉफ्टवेअर) फाईल बहुतेक वेळा सापडते, त्यातून एसव्हीजी, म्हणजे कितीही मोठी केली तरी न फाटणारी रेषांची फाईल, काढून घ्यायची. एकदा पंचवटीत अशा फाईलसाठी दोन चकरा मारल्या, पण नंतर प्रत्येक साईज स्वच्छ निघाली. ४८ डीपीचा (डीपी म्हणजे स्क्रीनचे ठिपके कितीही बारीक असले तरी साधारण तेवढंच दिसणारं माप) आयकॉन असेल तर ४८, ७२, ९६, १४४, १९२ पिक्सेल, एमडीपीआयपासून एक्सएक्सएक्सएचडीपीआयपर्यंत. ऑनलाईन जनरेटर वापरा, माझी हरकत नाही, पण त्यात टाकलेली मूळ इमेजच खराब असेल तर पाचही साईज खराब येतात, आणि हे घाई करणाऱ्यांना कितीही सांगा, पटत नाही.

साधे सपाट आयकॉन असतील तर व्हेक्टर ड्रॉएबलच (एसव्हीजीसारखी रेषांची अँड्रॉइडची फाईल) करा, पाच फायलींची कटकटच नाही. फोटोचं व्हेक्टर मात्र करायला जाऊ नका.

लाँचर आयकॉनमध्ये (ॲप उघडायला दाबतो तो) नाव अगदी कडेपर्यंत लिहू नका. अँड्रॉइड ८ पासून कॅनव्हास १०८ डीपीचा असतो पण मधल्या ६६ डीपीच्या गोलातलंच नक्की दिसतं, बाकी कुठल्या फोनवर कापलं जाईल सांगता येत नाही.

बॅकग्राऊंड १६:९ चं करून लांबड्या २०:९ च्या स्क्रीनवर ताणलं की माणसं काठीसारखी दिसतात. सेंटरक्रॉप लावा, म्हणजे इमेज न ताणता कडा कापल्या जातात, आणि महत्त्वाचं मधे ठेवा.

इमेजमध्ये मराठी मजकूर लिहू नका, फॉन्ट मोठा केलेल्या आजोबांना तो मोठा दिसत नाही.

फाईलच्या नावात कॅपिटल अक्षर किंवा डॅश नको, बिल्डच होत नाही, म्हणजे ॲप तयारच होत नाही.

आयफोनला इमेज २एक्स आणि ३एक्स, म्हणजे दुप्पट आणि तिप्पट पिक्सेलच्या, दोन्ही द्या, आणि ॲप स्टोअरचा १०२४ पिक्सेलचा आयकॉन पारदर्शक ठेवू नका, अपलोडलाच परत येतो. मी तो एक्स्पोर्ट करतानाच खाली पांढरा थर टाकून घेतो.