जीभ चिकटली म्हणून लेकरू पीत नाही? आधी या चुका टाळा

लेकरू अंगावर ओढत नाही, दोन मिनिटांत सोडून रडतं. घरात लगेच निकाल लागतो: बाळंतिणीला दूधच नाही, नाहीतर लेकराची जीभ चिकटली. बहुतेक वेळा लेकराला नीट लावलेलंच नसतं.

नुसती बोंडी तोंडात देणं ही सगळ्यात मोठी चूक. भोवतीचा काळा भाग जीभ आणि टाळूमध्ये दबला, तरच दूध येतं. लेकराचं पोट आईच्या पोटाला टेकवा, डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवा. बोंडी वरच्या ओठाला घासा. जांभईएवढं तोंड उघडेपर्यंत थांबा, मगच लेकराला छातीकडे आणा. आईनं वाकायचं नाही. हनुवटी छातीला टेकली, खालचा ओठ बाहेर उलटला, काळा भाग वरच्या बाजूनं जास्त दिसतोय, म्हणजे नीट लागलं. दुखतंय म्हणून खसकन ओढू नका. तोंडाच्या कोपऱ्यातून स्वच्छ करंगळी घालून पकड सोडवा, पुन्हा लावा.

इतकं करूनही जमेना, तर जीभ बघा. ती खालच्या पट्टीनं चिकटलेली असेल, तर रडताना वर उचलली जात नाही, टोकाला पत्त्यातल्या बदामासारखी खाच पडते, पिताना टकटक आवाज येतो, दूध ओघळतं. पिऊन झाल्यावर बोंडी चपटी, तिरकी, नव्या लिपस्टिकच्या टोकासारखी दिसते. जिभेखाली नुसती पट्टी दिसते, पण लेकरू छान पितंय, वजन वाढतंय, तर तिला हात लावायचं कारण नाही.

ती पट्टी घरी नखानं किंवा ब्लेडनं कापणं हा भलताच धोका. तिथंच रक्तवाहिन्या आणि लाळेच्या नळ्या असतात. डॉक्टर निर्जंतुक कात्रीनं काही सेकंदांत कापतात, सहसा थेंबभरच रक्त येतं, लगेच अंगावर पाजता येतं. जन्मल्यावर व्हिटॅमिन के (रक्त गोठायला लागणारं) दिलं होतं का, तेवढं डॉक्टरांना आधी सांगा. कापल्यावर त्याच दिवशी सगळं सुरळीत होईल असंही नाही.

परभणीच्या मे महिन्यातही सहा महिन्यांच्या आत वरचं पाणी नको. आईच्या दुधात जवळपास 87 टक्के पाणीच असतं. मध तर वर्षभर नाही. बाटलीही नको: वरचं दूध जितकं वाढेल, तितका पान्हा आटेल. हातानं काढलेलं दूध वाटी-चमच्यानं पाजा.

दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजणं, पाचव्या दिवसापासून किमान 6 ओली लंगोटं, दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत, हा हिशेब ठेवा. आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी येतात, तेव्हा वजन करून घ्या.

लेकरू सुस्त आहे, प्यायला उठतच नाही, अंग तापलंय किंवा गार पडलंय, तर मात्र सकाळची वाट बघू नका. 108 ला फोन करा. अंग गार असेल तर दवाखान्यात पोहोचेपर्यंत लेकराला उघड्या अंगानं आईच्या छातीशी धरा, वरून पांघरूण घाला.